दाखला द्या, पण पॅरासकट

पाचोडात दाखल्याशिवाय कुणी बोलत नाही. मोसंबीच्या लिलावात आडत्यानं भाव पाडून पुकारला की शेतकरी लगेच म्हणतो, "मागल्या आंबे बहाराला याच मालाला याच्याहून जास्त लागला होता." आडत्या पण कच्च्या गुरूचा चेला नसतो. तो विचारतो, "माल कुणाचा? पाऊस झाल्यावर का आधी? अन् घेतला कुणी, व्यापाऱ्यानं का ज्यूसवाल्यानं?" एवढ्या प्रश्नांत दाखला एक तर उभा राहतो, नाही तर जागेवर बसतो. मी संभाजीनगरला जालना रोडवरच्या खंडपीठात वकिली करतो. तिथंही हेच प्रश्न विचारतात, फक्त इंग्रजीत आणि चष्म्याच्या वरून बघत. त्या प्रश्नांपुढे भलेभले वकील घाम पुसताना मी पाहिले आहेत. आमच्या गावचा आडत्या त्या खुर्चीवर बसला असता तर निम्मी अपिलं चहाच्या आधी निकाली निघाली असती.

आमचे दादा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. सारं गाव त्यांना दादाच म्हणतं. त्यांचा बांधावरच्या गाडीवाटेचा दावा पैठणच्या कोर्टातून जिल्हा न्यायालयात आणि तिथून खंडपीठात आला. खाली दोन्हीकडे हरल्यामुळे दादांचा न्यायव्यवस्थेवर विश्वास उलट वाढलाय. आता वरच्या कोर्टात तरी कुणीतरी शहाणा भेटेल, असं ते म्हणतात. पण अडचण अशी की वरच्या कोर्टाला त्यांची गाडीवाट बघायचीच नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे दुसऱ्या अपिलात फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न चालतो. वाट कुठून जात होती, मोसंबीचं झाड कुणी तोडलं, शेजाऱ्यानं दगड कधी सरकवला, हे सगळं खाली संपलं. हे मी समजावून सांगितलं तेव्हा दादा म्हणाले, "मंग वर भांडायचं कशावर?"

"दुसऱ्यांच्या भांडणांवर," मी म्हणालो. आणि ते खरंच होतं.

कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न म्हणजे काय, हे सांगायला प्रत्येक वकील सर चुनीलाल मेहता यांना घेऊन येतो. ए.आय.आर. १९६२ एस.सी. १३१४. पाच न्यायमूर्तींचा निकाल, आणि वाद एका कापडगिरणीच्या मॅनेजिंग एजन्सीचा. त्यांच्या मागोमाग संतोष हजारी येतात, (२००१) ३ एस.सी.सी. १७९. हे दोघे आले नाहीत असं दुसरं अपील मी तरी पाहिलेलं नाही. दादांनी अपिलाचा मसुदा डोळ्याजवळ धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हे चुनीलाल आपल्याकडचे का? अन् यांच्या गाडीचा नंबर कामून लिहिलाय?"

दादांना हसण्याचं कारण नाही. एम.एच. २० लिहिलेली गाडी पाहून जसं आर.टी.ओ. कुठलं ते कळतं, तसंच या आकड्यांवरून निकाल कुठल्या रिपोर्टात, कुठल्या पानावर छापलाय ते कळतं. फरक एवढाच की इथं एकाच गाडीला चार नंबर असतात, आणि चारही खरे. याचं नामी उदाहरण खुद्द आमचं खंडपीठ आहे. २७ ऑगस्ट १९८१ ला मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांच्या आदेशानं ते औरंगाबादेत बसलं. राज्य पुनर्रचना कायदा १९५६, कलम ५१(३). लगेच आव्हान मिळालं आणि मुंबईच्याच उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. प्रकरण दिल्लीला गेलं. ११ ऑक्टोबर १९८२ ला सर्वोच्च न्यायालयानं मुंबईचा निकाल फिरवला आणि आमचं दुकान वाचलं. हा निकाल ए.आय.आर.मध्ये १९८३ एस.सी. ४६ आहे, एस.सी.सी.मध्ये (१९८२) ३ एस.सी.सी. ५१९ आहे आणि सरकारी एस.सी.आर.मध्ये त्याचं पान आणखी तिसरंच. निकाल १९८२ चा, तरी ए.आय.आर.मध्ये साल १९८३, कारण तिथं साल छापल्याचं धरतात. १९८४ च्या ऑगस्टात खंडपीठ कायमचं झालं. २०२५ च्या ऑगस्टात कोल्हापूरचं सर्किट बेंच बसलं तेही याच कलमाखाली. मराठवाड्यातल्या वकिलाला दुसरा कुठला निकाल नाही आला तरी चालेल, हा यायलाच हवा. त्याच्यामुळेच आपल्याला मुंबईची गाडी धरावी लागत नाही.

या निकालाचं नाव 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायण शामराव पुराणिक'. मुंबईत मात्र पुराणिक आधी होते, कारण तिथं अर्ज त्यांचा होता. वर अपील सरकारनं केलं म्हणून सरकार पुढं आलं. दादांनी यातून काढलेला अर्थ वेगळा होता. "म्हंजे हरलेल्याचं नाव आधी येतं. मंग माझं आधी येणार!" दाव्यात पहिल्यांदाच दादा खूष दिसले.

हे नंबर लावण्याच्या धंद्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. ए.आय.आर.चं घर नागपूर. त्याचे वा. वि. चितळे आणि त्यांची संहितेवरची जाडजूड भाष्यं वकिलांच्या तीन-तीन पिढ्यांच्या कपाटात आहेत. मुंबईत रतनलाल आणि धीरजलाल यांनी १८९९ मध्ये बॉम्बे लॉ रिपोर्टर काढला. महाराष्ट्र लॉ जर्नल पुन्हा नागपूरचं. त्याच्याही आधी, १८७५ मध्ये, इंग्रजांनी कायदाच केला होता की सरकारी अधिकारानं छापलेल्या रिपोर्टाखेरीज दुसरा रिपोर्ट ऐकायला कोर्ट बांधील नाही. वकिलांनी तो कायदा आदरपूर्वक वाचला आणि खासगी रिपोर्टांची वर्गणी भरली.

अमेरिकेत यासाठी ब्लूबुक नावाचं पुस्तक आहे. स्वल्पविराम कुठं, तिरपा टाइप कुठं, सगळं त्यात लिहिलंय, आणि तरी तिथली राज्यं आपापले वेगळे नियम काढतातच. आपल्याकडे असा एकच ग्रंथ नाही. साल कंसात का बिनकंसात, यावर बाररूममध्ये जेवढा वेळ जातो तेवढ्यात एक तपासणी होईल. माझं मत विचाराल तर कंस चुकला तर चालतो. पान चुकलं तर न्यायमूर्ती हसतात. पॅरा दिलाच नाही तर मात्र हसत नाहीत.

२०२३ पासून एक चांगली सोय झाली. आता प्रत्येक निकालाला कोर्टच नंबर देतं. आमच्या खंडपीठाच्या नंबरात साल, मग बी.एच.सी.-ए.यू.जी., मग आकडा, आणि दोन न्यायमूर्तींचा निकाल असेल तर शेवटी डी.बी. हे ए.यू.जी. म्हणजे ऑगस्ट असं आमच्या ऑफिसातला एक ज्युनिअर बरेच दिवस धरून चालला होता. त्याला वाटायचं, आमचे सगळे निकाल पावसाळ्यातच लागतात. शहराचं नाव बदललं, पण नंबरात औरंगाबाद तसंच बसून आहे.

खरा तमाशा झाला तो दादांच्या दुसऱ्या भांडणात. ते होतं बहिणीशी, म्हणजे आमच्या आक्काशी. आक्का गंगापूरला दिलेली. तिनं वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मागितला. दादांनी कुठूनतरी 'प्रकाश विरुद्ध फुलवती', (२०१६) २ एस.सी.सी. ३६, मिळवली आणि जेवणाच्या पंगतीत बाहेर काढली. तिचा अर्थ असा होता की ९ सप्टेंबर २००५ ला बाप हयात असेल तरच मुलीला नव्या कायद्याचा हिस्सा. दादांचे वडील त्याच्या आधीच गेलेले. दादा जिंकल्यासारखे ताटावर बसले. आक्कानं वाटीतला वरणाचा थेंब पुसला, नातवाचा मोबाइल मागितला आणि म्हणाली, "फुलवती गेली, दादा. विनीता आली."

विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, (२०२०) ९ एस.सी.सी. १. मुलगी जन्मानंच हिस्सेदार, बाप २००५ ला होता का नव्हता हे बघायचं नाही. फुलवती त्यात रद्द ठरली. "तुझी फुलवती दोघांची," आक्का म्हणाली, "माझी तिघांची." दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाजीकडे पाहिलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर वाटणीपत्र झालं असतं तर गोष्ट वेगळी होती, पण आमच्याकडे वाटणी झाली होती ती पिंपळाखाली, तोंडी. पंगतीतल्या एकाही वकिलाला (एकच होता) जे सुचलं नाही ते आक्कानं केलं होतं: निकाल कितीजणांचा आहे आणि अजून जिवंत आहे का, हे आधी पाहिलं. खंडपीठात येणाऱ्या निम्म्या सायटेशनांची अशी नाडी कुणी बघत नाही. मेलेल्या निकालांची कोर्टात जितकी ये-जा असते तितकी जिवंतांची नसते.

"मंग पंचक्रोशी गोळा करून निकाल घेतला तर?" दादांनी विचारलं. आकडा महत्त्वाचा हे त्यांना एकदम पटलं होतं.

पैठण आमचा तालुका. दाखले मागण्याची जुनी पेठ. आळंदीच्या ब्रह्मवृंदानं निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई यांना शुद्धिपत्र आणायला पैठणलाच पाठवलं, असं आपण सगळे ऐकत आलो. खालच्यानं वरच्याकडे पाठवावं तसं. तिथं रेड्यानं वेद म्हटले ही कथा दादांच्या फार आवडीची आहे. त्यांचं म्हणणं, रेड्याला कुणी पान नंबर विचारला नाही. मी म्हणतो, विचारायची गरजच पडली नाही, कारण त्यानं पूर्ण ऋचा म्हणून दाखवली. आमच्यातले बरेच जण नुसतं "वेदांत आहे, माय लॉर्ड" एवढंच म्हणून खाली बसतात.

निकाल ज्या गोष्टीचा लागला तेवढ्याचाच दाखला, हे तत्त्वही आम्ही परदेशातून आणून घोटतो. १९०१ चा 'क्विन विरुद्ध लेदम'. लेदम हा बेलफास्टजवळच्या लिस्बर्नचा खाटीक. त्याच्या भांडणात लॉर्ड हॉल्सबरींनी हे तत्त्व सांगितलं, आणि तेव्हापासून त्या खाटकाला मराठवाड्यातल्या बांधांवरून फिरवतोय आम्ही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 'ओरिसा राज्य विरुद्ध सुधांशु शेखर मिश्रा', ए.आय.आर. १९६८ एस.सी. ६४७ मध्ये तेच मान्य केलं. पण काहींना खाटीकच बरा वाटतो. विलायती आहे ना.

दादांच्या समोरच्या वकिलांनी अपिलात निकालांची चळतच लावली. ती पाहून दादांचा जीव खाली-वर झाला. "त्येचे इतके, आपले एवढेच? कामून?" मी त्यातले काही उघडून दाखवले. एकात विहिरीचं पाणी होतं, एकात मुंबईतला जिना. एका निकालातला उतारा तर हरलेल्या वकिलाचा युक्तिवाद होता. कोर्टानं तो नोंदवून खाली फेटाळला होता, आणि फेटाळल्याचं पान झेरॉक्सला गेलंच नव्हतं. दादांनी तो कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "हे तर आमच्या आडत्यासारखं झालं," ते म्हणाले, "चांगला माल वर, खाली बुरा."

मग पुतण्या मदतीला आला. त्यानं मोबाइलमधल्या यंत्राला विचारलं आणि बांधाच्या वाटेवर थेट दादांच्याच बाजूचा निकाल काढून दिला. नाव भारदस्त, साल, खंड, पान, सगळं जागच्या जागी. फक्त तसा निकाल झालेला नव्हता. हे फक्त पाचोडातच घडतं असं नाही. न्यूयॉर्कमध्ये 'माता विरुद्ध एव्हियांका' या दाव्यात वकिलांनी यंत्रानं रचलेले निकाल कोर्टात दिले आणि जून २०२३ मध्ये पाच हजार डॉलर दंड भरला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आयकराचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले तीन निकाल अस्तित्वातच नव्हते. पक्षकार सोडा, खुद्द कर घेणाराच न जन्मलेल्या निकालांवर वसुली काढत होता. दादांचं यावर मत कडक आहे. सातबारा खोटा निघाला तर तलाठ्याला धरतात, मग निकाल खोटा निघाला तर मोबाइलला कामून धरत नाहीत? यावर मी मोबाइलवाल्याला धरतात असं उत्तर दिलं आणि पुतण्या उठून गोठ्याकडे गेला.

शेवटी दादांच्या अपिलात मी मोजकेच निकाल ठेवले. प्रत्येकाखाली पॅरा, त्यातली ओळ, आणि त्या निकालात वाद काय होता ते दोन वाक्यांत. दादांना हे अपील अंगानं बारीक वाटतं. त्यांनी वर आणखी १९५४-५५ चं खासरा पत्रक लॅमिनेट करून दिलंय. ते सायटेशन नाही, पुरावा आहे, आणि तोही खालच्या कोर्टात यायला हवा होता, हे सांगायची माझी हिंमत झालेली नाही. आक्काचा दावा मात्र पैठणला सुरू आहे. तिच्या वकिलांनी अर्जात विनीता पॅरासकट लावलीय. तो पॅरा आक्कानंच त्यांना सांगितला असणार, अशी मला शंका आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एस.सी.आर.वर जानेवारी २०२३ पासून फुकट वाचायला मिळतात, उच्च न्यायालयाचे त्याच्या संकेतस्थळावर. तेव्हा पाचोड, आडूळ आणि विहामांडव्यातल्या माझ्या सगळ्या पाहुण्यांना विनंती: व्हॉट्सॲपवर आलेलं सायटेशन मला पाठवण्याआधी ते उघडून शेवटपर्यंत वाचा, कितीजणांचा निकाल आहे ते बघा, आणि मग फोन करा. पॅरा नंबर जवळ ठेवा. रात्री दहाच्या आत.