'१००% शुद्ध' छापणाऱ्या तेलवाल्यास

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची आपल्याकडे रीत आहे. आज तो लिहायला हात धजत नाही.

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला तुमचं 'शुद्ध चंदन तेल' मी उटण्यात कालवलं. संध्याकाळपर्यंत लेकीच्या मानेवर लाल चट्टे उठले. मग चष्मा लावून बाटली वाचली. 'नैसर्गिक' हा शब्द तीनदा. आत काय आहे, ते एकदाही नाही.

दहा मिली, १८० रुपये. अहो, अस्सल चंदन तेलाचा भाव किलोला लाखाच्या पुढे असतो. म्हणजे दहा मिलीला हजारावर रुपये नुसत्या तेलाचेच झाले. बाटली, खोकं, दुकानदाराचं कमिशन वेगळंच. चंदनाच्या खोडात तेल धरणारा गाभा भरायला वर्षानुवर्षं जातात. १८० रुपयांत तो तुम्हाला कुठल्या रानात सापडला? कृत्रिम वास घालून विकलात तर माझी हरकत नाही, पण तसं छापा. चंदनाच्या नावावर विकू नका.

आणि तेल खरं असतं तरी? झाडातून आलेलं अपाय करत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं? लव्हेंडरमधलं लिनालूल आणि संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन हवा लागून जुनं झालं की त्वचेला ॲलर्जी करतं. बर्गमोटचं तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते. निलगिरीचं तेल चमचाभर जरी पोटात गेलं, तरी लहान मुलाला आकडी येऊ शकते. त्याच निलगिरीच्या बाटलीला तुम्ही असं झाकण लावता, की दोन वर्षांचं पोर खेळता खेळता उघडेल. सर्दी झाली की आपल्या घरांत ती बाटली पाळण्याच्या उशाशीच असते. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

झाडाचं शास्त्रीय नाव, तेलाचं प्रमाण, ते कशात मिसळलंय, बॅच क्रमांक, तारीख, सगळं छापा. मुलांना उघडता येणार नाही असं झाकण लावा. लेबलवर जागा नाही म्हणू नका. 'नैसर्गिक' दोनदा खोडलंत तरी पुरेल.

वाचकांनो, घरात मुलाने असं तेल प्यायलं तर त्याला उलटी करायला लावू नका. तेल फुप्फुसात शिरतं. बाटली सोबत घ्या आणि तडक रुग्णालय गाठा.