पारा आणि पाहुणे

चंद्रपुरात पारा ४५ वर गेला की बाहेरगावहून बदलून आलेला माणूस घाबरतो. इथला माणूस नाराज होतो. "अजून कुठं तपलं जी?" शेजारचे काका कुलरच्या टाकीत पाइप सोडत म्हणतात. ताट्यांत नवा वाळा भरलेला, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. एवढी तयारी करून ४७ आलंच नाही, तर खर्च वायाच की! अकोला एखाद्या दिवशी पुढे गेलं तर चहाटपरीवर सुतक. ब्रह्मपुरी गेली तर चालतं, जिल्हा आपलाच.

त्यात शहराला खेटून २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आणि भोवती कोळशाच्या खाणी. लांबच्या शहरांतले एसी गार राहावेत म्हणून हा जिल्हा इमानेइतबारे तापतो.

वाघाचं गणित तर न्यारंच. ताडोबाच्या मोहर्ली गेटवर पाहुणे पहाटे जिप्सीत बसतात, हजारो रुपये मोजून, वाघ दिसावा म्हणून. आसपासच्या गावांतल्या बाया तशाच पहाटे रानात शिरतात. आधी मोहफुलं वेचायला, मग मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला. वाघ दिसू नये म्हणून. वाघ दिसला नाही तर पाहुण्यांची तक्रार तरी असते. बायांना तो दिसला, तर तक्रारीला कोण उरणार?

पुण्याहून फोन येतो: "वाघ पाहिलास का रे?" उन्हाची चौकशी नाही. काकांना मात्र पुण्याबद्दल भलती काळजी. "तिकडं मे महिन्यात सेटर घालतेत का जी?"