कानवाले काका

शिडाच्या बोटीवर इंजिनाचं स्थान विधुर मामासारखं असतं. राहायला जिन्याखाली. वर्षभर कुणी चौकशी करत नाही आणि कार्य निघालं की पहिली हाक त्याला. माझ्या मित्राच्या अठ्ठावीस फुटी बोटीत तर ते अक्षरशः जिन्याखालीच आहे. केबिनमध्ये उतरायच्या पायऱ्या उचलल्या की आत तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन. आणि रविवारी त्या पायऱ्या उचललेल्या दिसल्या तर समजावं, भोकात काकांची पाठ आहे.

हे कुणाचे काका, ते मला अजून कळलेलं नाही. त्यांची स्वतःची बोट नाही. पोहायला येत नाही. निवृत्त होईपर्यंत एका कारखान्यातले जनरेटर सांभाळले आणि आता गेटवेसमोर नांगरलेल्या बोटींपैकी जिचं इंजिन कुरकुरेल तिच्यावर ते हजर होतात. लग्नघरात आचाऱ्याच्या मागे उभं राहून "मीठ कमी पडलंय" सांगणारे जे गृहस्थ असतात, त्यांचा हा दर्यावरचा अवतार. पंचाईत एवढीच, की काकांना स्वयंपाक खरोखर येतो. त्यामुळे हाकलताही येत नाही.

पावसाळाभर जमिनीवर टेकवलेली बोट ऑक्टोबरअखेर पाण्यात उतरली आणि आम्ही मांडव्याला निघालो. सकाळची वेळ, वारा पडलेला, शिडं ओल्या धोतरासारखी लोंबत होती. सगळी भिस्त जिन्याखालच्या मामावर. अर्धा तास मामा व्यवस्थित चालले. मग आवाज चढायला लागला, पडायला लागला, पुन्हा चढायला लागला.

काकांनी डोळे मिटले. एक हात वर केला. आम्ही गप्प.

"हवा घेतंय," काका म्हणाले.

मग त्यांची ती सुप्रसिद्ध कृती. पिशवीतून हातभर लांब पेचकस निघाला. टोक इंजिनाला, मूठ कानाच्या मागच्या हाडाला. चेहऱ्यावर नाडीपरीक्षा करणाऱ्या वैद्याचं गांभीर्य. इंजिन काय सांगत होतं ते फक्त त्यांना ऐकू येत होतं, पण मधूनमधून ते मान हलवत, तेव्हा ते काही बरं सांगत नसावं.

"धुराचा रंग सांग रे," त्यांनी खलाशाला विचारलं. खलाशी विशीतला, रेवदंड्याकडचा. तो मागे वाकून म्हणाला, "कायच नाय."

"कायच नाय म्हणजे? काळा असेल तर डिझेल जास्त नि हवा कमी, किंवा पंख्याला कालवं धरलीत. निळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय, नाहीतर पाणी शिरलंय. कायच नाय हा रंग नाही."

धुराने सहकार्य न केल्यामुळे सतराचा पाना बाहेर आला. चालू इंजिनावर नोझलच्या नळीचा नट काका एकेक करून ढिला करतात. नट सुटला की त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. आवाज बदलला तर तो सिलिंडर कामाचा होता. बदलला नाही तर तोच कामचुकार. भजनी मंडळात बुवांनी एकेकाला थांबायची खूण करून बघावं, तसं. ज्याच्या थांबण्याने काहीच बिघडत नाही तो इतके दिवस नुसतं तोंड हलवत होता. पद्धत पक्की आहे, मला मनापासून आवडते. पण आमचे तिन्ही गडी खरोखर गात होते. काका थोडे खट्टू झाले.

तेवढ्यात इंजिनच बंद पडलं. मांडव्याची लाँच शेजारून गेली, तिच्या लाटांवर आम्ही डुचमळलो आणि लाँचवरच्या तमाम प्रवाशांनी आमचे फोटो काढले.

काकांनी फिल्टरची वाटी उघडली. तळाशी चमचाभर पाणी, त्यावर काळसर शेवाळासारखे चार धागे. इथे प्रवचन झालं. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेचं पाणी धरतं, पाणी जड म्हणून तळाला बसतं, पाणी आणि डिझेल भेटतात त्या सीमेवर जंतू वाढतात. समुद्र शांत असेपर्यंत तो गाळ निवांत पडून राहतो आणि लाटा उसळल्या, म्हणजे नेमकी इंजिनाची गरज लागली, की ढवळून फिल्टरमध्ये येतो. यातला शब्द न् शब्द खरा आहे. फक्त त्या दिवशी समुद्र काचेसारखा होता.

मग हवा काढणं. स्क्रू ढिला, पंपाची दांडी खालीवर, फेस, आणखी फेस, अखेर स्वच्छ डिझेल. त्यातलं निम्मं मित्राच्या नव्या गादीवर. हात चालू असताना काकांनी रुडॉल्फ डिझेलची गोष्ट सांगितली. १९१३ सालच्या सप्टेंबरात तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर चढला आणि रात्रीतून नाहीसा झाला. पुढे प्रेतच सापडलं. आत्महत्या, अपघात की घातपात, आजवर वाद आहे. काकांचं मत वेगळं. "त्यालाही कुणीतरी म्हटलं असेल, जरा आमचं इंजिन बघता का."

इंजिन सुरू झालं. काकांनी आमच्याकडे पाहिलं. "दिलीप दोंदे २००९ साली निघून म्हादेई या शिडाच्या बोटीतून जगाला फेरी मारून आले. तुमचं मांडव्यालाच अडतं."

दहा मिनिटांत आवाज पुन्हा चढू-पडू लागला.

पेचकस पुन्हा कानाला. "डिझेल किती आहे ते काठी घालून बघ रे," काकांनी डोळे मिटूनच फर्मान सोडलं. खलाशाने डेकवरचं टाकीचं टोपण फिरवलं. फुस्स करून टाकीने केवढा तरी श्वास आत ओढला. आणि बघता बघता इंजिन सुरळीत! टुकटुकटुकटुक, शिलाई मशीन चालावं तसं. मी मित्राकडे पाहिलं, मित्राने खलाशाकडे. काका बोलत होते.

"नोझल. तीन नंबर. स्पष्ट ऐकू येतंय. मांडव्याला काढावा लागेल. आणि ते टोपण लाव आधी, पाणी जाईल."

खलाशाने टोपण लावलं. पाव तासाने चढ-उतार सुरू. "बघा!" काका म्हणाले. खलाशाने काही न बोलता टोपण अर्धं फिरवलं, त्यावर आपला टॉवेल टाकला आणि मांडवा येईपर्यंत तो त्या टॉवेलवर अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा बसून राहिला. काका वाटभर तिसऱ्या नंबरच्या नोझलबद्दल बोलत होते. इंजिन एकदाही चुकलं नाही.

धक्क्याला लागल्यावर खलाशाने टाकीच्या श्वासनळीचं तोंड शोधलं आणि तारेने कोरलं. सुपारीएवढा वाळलेला चिखल बाहेर पडला. पावसाळ्यात कुंभारमाशीने तिथे घर केलं होतं. डिझेल जाईल तेवढी हवा आत यायला वाटच नव्हती, म्हणून पंप बिचारा रिकाम्या पोकळीशी झगडत होता.

काकांनी तो चिखल तळहातावर घेऊन उन्हात फिरवून पाहिला.

"मी पहिल्याच मिनिटाला काय म्हणालो होतो? हवा."

"हवा घेतंय म्हणाला होतात, काका. त्याला तर हवा मिळत नव्हती."

"घेतंय काय नि मिळत नाही काय, हवेचंच ना?" असं म्हणून त्यांनी तांब्याचे वायसर ठेवायची फिल्म रोलची डबी उघडली आणि कुंभारमाशीचं घर त्यात जपून ठेवून दिलं.