केदार कोणत्या तासाला?

आपल्या शाळांतून रोज सकाळी केदार गायला जातो आणि गाणाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो. 1971 च्या ‘गुड्डी’ चित्रपटासाठी गुलजारांनी एक प्रार्थना लिहिली, वसंत देसाईंनी तिला केदारात चाल दिली, वाणी जयराम यांनी ती गायली. पडद्यावरून ती थेट शाळांच्या पटांगणात उतरली. केदार खरं तर रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग. तो पोरं सकाळी सातला, दप्तर पाठीवर घेऊन, डोळे चोळत गातात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढे आहे.

गेल्या महिन्यात मालेगावातल्या एका शाळेत नववीच्या वर्गावर एक तास मिळाला. मी विचारलं, “राग म्हणजे काय?” दुसऱ्या बाकावरचा मुलगा उठला. “सर, चिडणं.” वर्ग हसला. तो बिचारा ओशाळून खाली बसला. त्याचं उत्तर चुकलं नव्हतं. त्या शब्दाचा दुसरा अर्थ नऊ वर्षांत त्याला कुणी सांगितला नव्हता, आणि त्याच सकाळी प्रार्थनेच्या रांगेत तो केदार गाऊन आला होता.

वेळापत्रकात कलेचा तास असतो. चौकोन आखलेला असतो, त्यात ‘कला’ असं लिहिलेलं असतं. सहामाही जवळ आली की त्या चौकोनात गणित बसतं, वार्षिक जवळ आली की विज्ञान, आणि उरलेल्या दिवसांत तो ऑफ तास. वर्षअखेरीस मात्र कलेच्या रकान्यात प्रत्येकाची श्रेणी भरलेली असते. न झालेल्या तासांची श्रेणी! याला मी सरळ खोटं म्हणतो, आणि ते आपण मुलांच्या देखत करतो.

कायद्यानेही हात आखडलेला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांचे निदेशक सांगितले आहेत. पण अर्धवेळ, आणि पटसंख्या शंभराच्या वर असेल तरच. म्हणजे पट अठ्ठ्याण्णव असेल, तर त्या पोरांना कलेचा माणूस लागत नाही असं आपण ठरवून टाकलं. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ पुस्तकातही खेळ, काम आणि कला एकाच खोलीत नांदतात. भावंडांनी एकत्र राहावं, हरकत नाही. पण धाकट्याच्या ताटात रोज उरलंसुरलं पडू नये.

“आमच्याकडे गॅदरिंग जोरात होतं,” असं मुख्याध्यापक अभिमानाने सांगतात. होतं ना. तीन आठवडे तालीम, भाड्याचे कपडे, छाती हादरवणारे स्पीकर. नाचणारी पंचवीस-तीस पोरं व्यासपीठावर आणि बाकी अख्खी शाळा सतरंजीवर. नाचणाऱ्यांचं कौतुक मलाही आहे. पण सतरंजीवरच्या चारशे मुलांना त्या गाण्यात नेमकं काय ऐकायचं, हे कोण सांगणार? कलाशिक्षण म्हणजे कलाकार घडवणं हा समज डोक्यात घट्ट बसला आहे. मग ज्याचा गळा बरा नाही आणि हात वळत नाही, तो पहिल्याच दिवशी बाद. जन्मभर ऐकायचं आणि बघायचं मात्र त्यालाच आहे.

चित्रकलेचं थोडं बरं चाललं आहे. एलिमेंटरी, इंटरमीजिएट या परीक्षा आहेत, दहावीला त्यांचे वाढीव गुण मिळतात, म्हणून पालक रंगपेटीला पैसे देतात. पण सुरई आणि दोन सफरचंदांचं स्थिरचित्र घोटून काढणाऱ्या मुलीला कुणी नाशिकच्या शिवाजी तुपे यांचं एखादं जलरंगचित्र समोर ठेवून दहा मिनिटं नुसतं बघायला लावलं आहे का? कागद कुठे कोरा सोडला, पाणी कुठे वाहू दिलं, हे दाखवलं आहे का? ‘रसग्रहण’ हा आपल्या भाषेतला केवढा सुंदर शब्द. तो आता दहावीच्या मराठीच्या पेपरात कवितेखालचा प्रश्न होऊन राहिला आहे. मुलं गाइडातून उत्तर पाठ करतात. रस पाठ करतात!

हे सगळं मालेगावात घडावं याचा मला जास्त त्रास होतो. कारण या गावाने रसग्रहणाचा वर्ग स्वतःच भरवून दाखवला आहे, आणि तोही व्हिडिओ पार्लरमध्ये. शेख नासिर या माणसाने सिनेमे दाखवता दाखवता बघितले, पुन्हा पुन्हा बघितले, कुठे काय जोडलं आहे ते डोळ्यांनी उकललं, आणि 2000 च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ उभा केला. कॅमेरा पळवायला सायकल, वर उचलायला बैलगाडी. यंत्रमागावर राबणारा शफीक त्यांच्या नंतरच्या सिनेमात सुपरमॅन झाला. फैझा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला, आणि 2024 मध्ये रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ टोरंटोच्या महोत्सवात दाखवला गेला. टोरंटोने पाहिलं. मोसम नदीच्या दोन्ही काठांवरच्या मुख्याध्यापकांना माझा एकच प्रश्न आहे: तुम्ही तुमच्या मुलांना दाखवलं का? पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये प्रा. सतीश बहादूर ‘पथेर पांचाली’चे तुकडे थांबवून, मागे नेऊन, पुन्हा दाखवत शिकवायचे. नासिरभाईंनी तेच केलं, वर्गाबाहेर. शाळेला हे जमणार नाही असं म्हणायला मी तयार नाही.

शिक्षक म्हणतात, “मला गाता येत नाही, मी काय शिकवू?” गाऊ नका. ऐकवा. त्या दिवशी मीही गायलो नाही. पहिलं काम सांगितलं ते एवढंच: डोळे मिटा आणि एक मिनिट खिडकीबाहेरचं ऐका. बाहेर कारखाना होता. मागांचा खडखडाट या गावात इतका मुरलेला आहे की तो कुणाच्या कानावरच येत नाही. साध्या मागाचा धोटा मिनिटाला शंभरावर फेऱ्या मारतो, आणि असे पाच-सहा माग शेजारी शेजारी, प्रत्येकाची लय दुसऱ्यापेक्षा चिमूटभर वेगळी. मिनिट संपलं. एका मुलाने डोळे न उघडताच सांगितलं, “सर, एक लूम लंगडतोय. ठोका मागे राहतोय त्याचा.” त्याचे वडील लूम चालवतात. हा कान शाळेने घडवलेला नव्हता. पण सम काय, लय काय, हे शिकवायला याहून तयार विद्यार्थी कुठला?

ऐकण्या-बघण्याजोगं इथे आणखीही आहे. गावाजवळ चंदनपुरी आहे, बाणाईची. पौषातल्या यात्रेत दिमडी आणि तुणतुणं वाजतं. मुशायऱ्यात तरन्नुमने, म्हणजे सुरात, शेर वाचले जातात. उर्दू शाळांत सुलेखन आहे, अक्षराच्या वळणावर तासन्‌तास जीव लावायची परंपरा आहे. काही घरांत वाद्यं चालत नाहीत हे मला माहीत आहे, आणि शाळेने त्यावरून कुणाशी वाद घालू नये. तिथे पठणाचा चढउतार ऐकवा, सुलेखनातला अक्षराचा बाक बघायला लावा. दार एकच नाही.

त्या वर्गात मग मी फोन स्पीकरला जोडला आणि काही न सांगता तीन गोष्टी लावल्या. पहिली, त्यांचीच सकाळची प्रार्थना. दुसरं, 1957 च्या ‘नरसी भगत’मधलं कृष्णाला दर्शन मागणारं भजन. तिसरी, 1960 च्या ‘मुगल-ए-आझम’मध्ये नौशाद यांनी लता मंगेशकरांकडून गाऊन घेतलेली, कैदेतल्या अनारकलीने मदिनेच्या पैगंबरांना केलेली विनवणी. पहिल्यांदा पोरं चुळबुळली. “परत लावतो,” म्हणालो. दुसऱ्यांदा शांत झाली. तिसऱ्यांदा मागच्या बाकावरची एक मुलगी हलक्या आवाजात तिसऱ्या गाण्याबरोबर पहिल्याच्या ओळी गुणगुणायला लागली. जुळेना, थांबली, पुन्हा लागली. मग म्हणाली, “सर, ही तिन्ही एकाच घरातली आहेत का?”

फळ्यावर ‘केदार’ मी त्यानंतर लिहिलं. त्यात दोन मध्यम असतात, शुद्ध आणि तीव्र, एवढंच सांगितलं. राग म्हणजे चिडणं म्हणणाऱ्या मुलाने ते वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, उद्या प्रार्थनेत तो दुसरा मध्यम कुठे येतो ते कसं ओळखायचं. मी पुन्हा गाणं लावणार, तोच घंटा झाली. पुढचा तास कलेचा होता, आणि गणिताचे सर दारात उभे होते.