जबाबदार माणसाची वाळू

जबाबदार पर्यटक व्हायला खर्च फार येतो. आधी स्टीलची बाटली, मग तिला शोभतील असे बांबूचे चमचे, मग प्रवाळाला अपाय न करणारं सनस्क्रीन. हे शेवटचं मी बंगळूरच्या इंदिरानगरहून मिरवत आणलं तेव्हा बायकोनं विचारलं, "जातोय तिथे प्रवाळ आहे?"

नाही. आम्ही निघालो होतो उडुपीजवळच्या कोडी बेंग्रेला. तिथे सुवर्णा आणि सीता या नद्या एकत्र येऊन समुद्राला मिळतात. त्या खाडीच्या गढूळ पाण्यात प्रवाळ कुठून जगणार? पण माणसाला तत्त्व म्हणून काही असतं की नाही!

बंगळूरकराला पाण्याची ओढ का, हे सांगायला नको. शहर नऊशे मीटर उंचीवर, नावाजण्यासारखी नदी नाही. नळाला येते ती कावेरीसुद्धा शंभर किलोमीटरवरून पंपांनी चढवत आणलेली. तळी होती, त्यांतल्या बेळंदूरच्या तळ्याला २०१७ मध्ये चक्क आग लागली. तिथे कयाक घालायची तर लाइफ जॅकेटऐवजी बंब लागेल. म्हणून शुक्रवारी रात्री निम्मं शहर घाट उतरतं.

ऑफिसात मी जाहीर केलं होतं की आम्ही एका निर्जन वाळूच्या पट्ट्यावर चाललोय, पण जागा सांगणार नाही, गर्दी होऊन तिची वाट लागेल. कुणी विचारलं नाही. शेवटी मीच एकेकाला बाजूला घेऊन सांगितली.

पट्ट्यावर जायची कयाक दोघांची होती. पुढच्यानं जोर लावायचा, मागच्यानं दिशा सांभाळायची, असं तिथल्या पोरानं समजावलं. दिशा म्हटल्यावर मी अर्थातच मागे बसलो. खारफुटीच्या कडेनं जायचं होतं. आम्ही खारफुटीतच गेलो, बाहेर आलो, पुन्हा गेलो. ओहोटी लागलेली. "सर, मुखाकडे नको, ओढ आहे," असं पोरगा ओरडत होता आणि आमची कयाक नेमकी तिकडेच निघाली होती. अखेर त्यानं दोरी बांधून आम्हाला ओढत नेलं. फोटोत मी वल्हं उगारून ताठ बसलेला आहे. दोरी दिसत नाही, तेवढी काळजी मी घेतलीय.

पट्ट्यावर उतरताच कुरव आणि सुरय पक्ष्यांचा अख्खा थवा उठून गेला. म्हणजे जागा निर्जन होण्यात आमचाही थोडा हातभार होता. मी पाय पसरून बसलो, मूठभर वाळू उचलली आणि म्हणालो, "तुला तलकाडूची गोष्ट सांगितलीय का?" घरी हे वाक्य आलं की बायको चहा टाकायला उठते. इथे चारी बाजूंनी पाणी होतं.

तलकाडू म्हणजे बंगळूरपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, कावेरीच्या वळणावरचं गाव. एके काळी गंग घराण्याची राजधानी. तिथली बरीच देवळं वाळूखाली गेलेली आहेत. नुसती धूळ बसलेली नव्हे, पार गाडलेली. पंचलिंग दर्शनाचा योग आला की ती उपसून मोकळी करतात. कारण काय, तर अलमेलम्माचा शाप. १६१० मध्ये म्हैसूरच्या राजा वोडेयरनं श्रीरंगपट्टण घेतलं, तिथला विजयनगरचा सुभेदार गेला, मागे राहिली त्याची बायको अलमेलम्मा आणि तिचे दागिने. हे दागिने सणावाराला रंगनायकी देवीच्या अंगावर चढत, म्हणून राजाला ते हवे होते. आता बघा, एवढं राज्य मिळालंय, पण डोळा बाईच्या नथीवर! शिपाई मागे लागले. अलमेलम्मा तलकाडूला पळाली आणि तीन शाप देऊन कावेरीत उडी घालती झाली. तलकाडूची वाळू होवो, मालंगी गावाला डोह पडो, म्हैसूरच्या राजांना मूल न होवो. वाळू झाली, डोह पडला, आणि राजघराण्यात दत्तक घेण्याची पाळी पुन्हापुन्हा आली. अभ्यासक म्हणतात, वरच्या अंगाला चौदाव्या शतकात माधवमंत्री बंधारा झाला, त्यानं प्रवाहाची चाल बदलली, पात्रातली वाळू उघडी पडली आणि वाऱ्यानं गावावर आणून घातली. पटतं. तरी मी अलमेलम्माच्या बाजूनं आहे. बंधाऱ्याला नथ नसते. आणि खरी गंमत पुढे आहे. आज एखाद्या गावाला "तुझी वाळू होवो" असा शाप मिळाला, तर दुसऱ्या दिवशी तिथे ठेकेदार नारळ फोडतील.

हे वाक्य मी मोठ्यानं टाकलं. बायको हसली नाही, कारण ती तिथे नव्हती. पट्ट्याच्या पलीकडच्या अंगाला कंबरभर पाण्यात काही बायका तिसऱ्या वेचत होत्या आणि ती त्यांच्यात जाऊन उभी होती. माझ्या निर्जन बेटावर पहाटेपासून माणसं राबत होती.

त्यातल्या एका अक्कांनी विचारलं, कुठून आलात? मी बंगळूर म्हटलं. चारशे किलोमीटर? कशाला? माझ्या कन्नडची धाव बसचं तिकीट आणि "गोत्तिल्ला" म्हणजे "माहीत नाही" एवढीच, त्यामुळे मी जमिनीकडे बोट दाखवलं. हे बघायला. अक्कांनी वाळूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमच्याकडे वाळू नाही?" बायको म्हणाली, नाही. अक्कांनी खाडीतल्या वाळू भरणाऱ्या होड्यांकडे हनुवटी केली. "आम्हाला वाटत होतं सगळी तिकडेच जाते."

त्या हे टोमणा म्हणून बोलल्या नव्हत्या, आणि म्हणूनच ते घरापर्यंत सोबत आलं. किनारपट्टीच्या नियमांप्रमाणे असे पट्टे काढायचे ते पारंपरिक वाळू काढणाऱ्यांनी, यंत्र न लावता, हातानं, होड्यांची वाट मोकळी राहावी एवढ्यापुरते. रात्री यंत्रं चालल्याच्या बातम्या तरी येतच असतात. पट्टा गेला की त्यातल्या तिसऱ्या जातात आणि अक्कांची सकाळ जाते. आमची इमारत उभी राहिली तेव्हा बंगळूरला नदीची वाळू ट्रक भरभरून येत होती. माझ्या बैठकीच्या खोलीत कुठल्या नदीचा किती पट्टा उभा आहे, हे मला ठाऊक नाही. जबाबदार पर्यटकांच्या याद्या मी पाठ केल्यात. बाटली, पिशवी, चमचा, सनस्क्रीन. त्यांत भिंतीचा रकाना नाही. तो असता तर याद्यांना एवढे 'लाइक' मिळाले नसते. मला राग आला होता, आणि तो काढायला समोर बांबूचा चमचा तेवढा होता.

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा होती, विषय गच्चीचं प्लास्टर. मी उभा राहिलो. खाडी, तिसऱ्या, नियम, अलमेलम्मा, सगळं आलं. खजिनदार डुलकी घेऊन उठले तरी मी बोलतच होतो. मागणी एकच, नदीची वाळू नको, कारखान्यात बनणारी एम-सँडच वापरा.

ठेकेदार शांतपणे ऐकून घेत होता. "सर, हल्ली एम-सँडच आणतो," तो म्हणाला. "चिक्कबळ्ळापूरकडे एक डोंगर फोडायला घेतलाय. मस्त दगड आहे."

सेक्रेटरींनी इतिवृत्तात 'वाळूबाबत सविस्तर चर्चा झाली' असं लिहिलं आणि पार्किंगचा विषय घेतला.