किल्लेदार

सरकारी नोकरीतून सन्मानपूर्वक निवृत्त झालेल्या, निवृत्तिवेतन वेळच्या वेळी हाती पडणाऱ्या आणि घरात नेण्यासारखे फारसे काही नसलेल्या मनुष्यास चोराची जी धास्ती असते, ती लक्षाधीशासही नसते. असे किल्लेदार गावोगाव आढळतात. माझ्या परिचयाचे किल्लेदार चेन्नईत पश्चिम मांबळमच्या एका गल्लीत राहतात. आणि ते तंजावरी मराठी असल्याकारणाने, किल्ला हातचा जाणे म्हणजे काय, हे त्यांस वंशपरंपरेने ठाऊक आहे.

माउंट रोडलगतच्या रिची स्ट्रीटवर तीन दुपारी घासाघीस करून त्यांनी अलार्मची पेटी पैदा केली. बसविणारा कारागीर संध्याकाळपर्यंत काम उरकून गेला. परंतु तारेच्या टोकास जोडावयाचा रेझिस्टर त्याने आपल्या सोयीसाठी पेटीतच जोडून ठेवल्याचे किल्लेदारांच्या ध्यानी आले, आणि त्यांचा क्रोध अनावर झाला. वास्तविक त्या इवल्याशा जिनसेचे काम एवढेच, की तिने दाराशी बसून आपण जागे असल्याची वर्दी पेटीस अहोरात्र द्यावी, म्हणजे मध्येच कोणी तार तोडली वा जोडून टाकली तर ते तत्क्षणी उमगावे. तीच पेटीत येऊन बसली, म्हणजे सरहद्दीवरच्या चौकीदाराने कचेरीतच मुक्काम ठोकून 'सरहद्द सुरक्षित' असा रोजचा अहवाल लिहावा, तशातली गत. किल्लेदारांनी चाळीस वर्षे कचेरीत काढलेली असल्यामुळे हा प्रकार त्यांनी चटकन ओळखला.

मग स्वहस्ते कारभार सुरू झाला. माहितीपुस्तक, चष्मा आणि तांबडी-निळी पेन्सिल घेऊन त्यांनी सरस्वती महालातील मोडी दप्तरास शोभेल असा जाबता तयार केला: पुढचे दार ही देवडी, तिला तीस सेकंदांची मुभा, मागले दार ही दिंडी, तिला क्षणाचीही सवलत नाही, दिवाणखान्यातील उष्णता ओळखणारा डोळा हा गस्तीचा शिपाई, त्याने रात्री विश्रांती घ्यावी व घर रिकामे असता पहारा करावा. वीज गेली तर बारा व्होल्टची बॅटरी तैनात होतीच. मे महिन्यातील अग्निनक्षत्रात मात्र हा शिपाई पेंगू लागला, कारण भिंतीची उष्णता आणि मनुष्यदेहाची उष्णता यांत फरकच न उरल्यामुळे त्याला किल्लेदार दिसेनासे झाले. ते त्याच्यासमोरून हात हलवीत तीनदा गेले. त्याने एकदाही दखल घेतली नाही. हा अपमान त्यांस निवृत्तीच्या दिवसापेक्षाही अधिक झोंबला.

राहता राहिला परवलीचा आकडा. तो त्यांनी 1855 ठेवला. ज्या साली इंग्रजांनी तंजावरचे राज्य खालसा केले, तेच साल कुलपास देण्यात कोणते शास्त्र आहे, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. परंतु त्या खालशाची हकीकत ते येईल त्याला कॉफीच्या दुसऱ्या घोटास सालासकट ऐकवीत असल्यामुळे, ज्याने त्यांच्या घरची कॉफी घेतली नाही असा चोर गल्लीत शोधूनही सापडला नसता.

मार्गळी महिना लागला. पहाटे वहिनी दार उघडून अंगणात कोलम घालावयास बसल्या. आता, मार्गळीचा कोलम तीस सेकंदांत होत नाही, हे चेन्नईत तान्ह्या मुलासही कळते. माहितीपुस्तकात त्याचा उल्लेख नव्हता. भोंग्याने आभाळ फाडले. वहिनींचे हात पिठाने भरलेले, किल्लेदार न्हाणीघरात साबणाने माखलेले. तेव्हा समोरच्या घरच्या मामी पदर सावरीत शांतपणे आत आल्या, त्यांनी चार कळा दाबल्या, भोंगा थांबविला, आणि जाता जाता कोलमचा एक ठिपका चुकल्याचे सांगितले.

त्या दिवशी आकडा बदलण्यात आला. नवा आकडा प्रत्यक्ष वहिनींसही सांगावयाचा नाही, असा निश्चय त्यांनी मला दारातच ऐकविला. मग आत बसल्यावर, कॉफीचा पहिला घोट घेऊन, व्यंकोजीराजांनी तंजावर कोणत्या साली काबीज केले हे मला माहीत आहे काय, असे त्यांनी सहज विचारले.