परिपत्रक : बनावट कागदपत्रे बाळगणाऱ्या चोरांविषयी

खेळ चालवणाऱ्या सर्व डंजन मास्टरांस (यापुढे ‘डीएम’) कळविण्यात येते की, डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाच्या ज्या टेबलावर एक तरी चोर आहे, तेथे दुसरा चहा येण्याआधी कोणीतरी राजाच्या सहीचे पत्र खिशातून काढणार, हे गृहीत धरावे.

कलम १ : हत्यार. पाचव्या आवृत्तीत बनावटगिरीची पेटी १५ सुवर्णमुद्रांना मिळते. आत कागद, शाई, लेखण्या, लाख, सोन्याचांदीचा वर्ख. लांब तलवारही नेमकी १५ मुद्रांनाच मिळते. तलवार घेणारा खेळाडू परवडला.

२०१४ च्या नियमांप्रमाणे चोराची पार्श्वभूमी ‘शार्लटन’ असेल तर एक खोटी ओळख त्याला जन्मजात मिळते, कागदपत्रे आणि ओळखीपाळखीसकट. शिवाय दस्तऐवजांची नक्कलही करता येते, पण नमुना पाहिलेला हवा. ही अट खेळाडू सोयीस्कर विसरतात. डीएमने शांतपणे विचारावे, “जकातीचा परवाना तू कधी पाहिलास?” मग खराखुरा परवाना मिळवण्यासाठी जकातदाराला दारू पाजणे आले, त्याची थैली कापणे आले. संध्याकाळ तिथेच वसूल.

कलम २ : फासा. २०१७ च्या ‘झानाथार’ पुस्तकाप्रमाणे हस्ताक्षर उतरवायला फाशाची बेरीज १५ लागते, लाखेची मोहोर उठवायला २०. छोट्या विश्रांतीत एक पान, रात्रीच्या मुक्कामात चार. इथवर ठीक. पण फासा कागद बनवताना टाकू देऊ नये. आमच्या चोराला ३ पडला की शाई फुटल्याचे त्याला ताबडतोब दिसते आणि तो कागद फाडून नवा करायला बसतो. एरवी भाजीत मीठ नाही हेही न कळणारा माणूस! जुन्या साडेतीन आवृत्तीत हा फासा डीएम गुपचूप टाकत असे, तोही कोणी कागद तपासायला घेतला तरच. शहाण्यांनी तेच करावे. आपला कागद कसा उतरलाय हे ठाऊक नसलेला चोर वेशीपाशी जो घाम गाळतो, तो पाहायला तर आपण रविवार मोकळा ठेवतो.

कलम ३ : पहारेकरी. याला पाऊस, भूक किंवा पाळी संपण्याची घाई यांपैकी काहीतरी द्यावेच. वाचता न येणारा पहारेकरी सर्वांत घातक. तो कागद उलटा धरतो आणि तोंड बघत बसतो.

कलम ४ : नाव. खोटे नाव चिठ्ठीवर लिहून समोर ठेवायला लावावे. नाहीतर “सरदार... अं...” इथेच किल्ला पडतो.

कलम ५ : तोतया. दरवेळी कागदच लागतो असे नाही. १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, तरी पुढे कोकणात भाऊंच्या तोतयाने फौज उभी केलीच. १७७६ ला त्याला देहदंड झाला. खुद्द भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतःला विधवा मानायला तयार नव्हत्या. तेव्हा राजपुत्राचे सोंग घेऊन चोर आला, तर त्याच्यासमोर हरवलेल्या मुलाची वाट पाहणारी राणी बसवावी. तिथे फाशाची गरजच नाही. सोंग पटकन वठते, आणि मग ते उतरवायचे कोणी, यावरून खेळाडू आपसांत भांडतात.

(इथे परिपत्रकाबाहेरचे एक. किल्ल्याखालच्या गटारांचा नकाशा मी चौकटीच्या वहीत उंदरांच्या बिळांसकट आखला होता. आमचा चोर ‘धान्यकोठार निरीक्षक’ म्हणून मुख्य दरवाजाने आत गेला. वर पहारेकऱ्याकडून सलाम घेतला. ज्याला हवा असेल त्याने नकाशा घेऊन जावा.)

कलम ६ : सत्यमंडल. सगळे उपाय थकले की डीएम पुरोहिताकडून ‘झोन ऑफ ट्रुथ’ टाकवतो. दुसऱ्या पातळीचा मंत्र, १५ फूट त्रिज्या, १० मिनिटे. ज्याला तो लागला त्याला आत जाणूनबुजून खोटे बोलता येत नाही, आणि तो लागला की नाही हे पुरोहिताला कळते. निरीक्षकसाहेबांना आम्ही तिथे उभे केलेच. मंत्र लागला. पुरोहिताने विचारले, “तू कोण?”

चोर म्हणाला, “महाराज, कागदावर स्पष्ट लिहिलंय. खाली मोहोर आहे. वाचून घ्या की.”

यात खोटे एक अक्षर नाही. अशा प्रसंगी डीएमने मुकाट्याने ‘इन्स्पिरेशन’चे बक्षीस द्यावे आणि सगळ्यांच्या वडापावाचे पैसे चोराकडून वसूल करावेत.